बाल्कनीचं ग्रिल दर दोन वर्षांनी गंजतंय : रंगाऱ्याचं ऐकू की जावयाचं?

पर्वतीची_पायरी

नमस्कार मंडळी. घर धायरीला, तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला म्हणजे पावसाचा मारा थेट. २०११ मध्ये ताबा मिळाला तेव्हाच एमएसचं (साध्या पोलादाचं) बॉक्स ग्रिल बसवून घेतलं आणि तेव्हापासून पाच वेळा रंगवून झालंय. दर वेळी तेच. मे महिन्यात रंगारी येतो, पॉलिश पेपर मारतो, रेड ऑक्साईडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन हात, दिवाळीपर्यंत सगळं चकाचक. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या आडव्या दांड्यावर फोड यायला लागतात, नखाने टोकरलं की रंगाची पापडी सुटून येते आणि खाली चॉकलेटी भुगा. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर गंजाचा ओघळ पडला आणि विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला.

आता रंगारी म्हणतो, साहेब यंदा भारीतला रंग लावू. जावई चाकणला ऑटो पार्टच्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात पावडर कोटिंगशिवाय पर्याय नाही. समोरच्या फ्लॅटवाले म्हणतात काढून टाका, स्टेनलेस स्टील लावा. हिचं म्हणणं ग्रिलच कशाला हवं, कबुतरांपुरती जाळी बस झाली.

पाऊस यायला महिना आहे. नक्की काय करावं?

सदाशिव_नाही_नारायण

जावयाचं ऐका. रंगारी रुसला तर दुसरा मिळतो.

माजी_फोरमन

भोसरीत २७ वर्षं फॅब्रिकेशन आणि कोटिंगच्या शॉपमध्ये काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

रंग कुठला हा प्रश्नच शेवटचा आहे राव. पहिला प्रश्न, रंगाच्या खाली काय आहे? नवीन लोखंड आणता तेव्हा त्याच्यावर निळसर काळी एक पापडी असते, मिल स्केल म्हणतात तिला. गरम असताना रोलिंग करतात तेव्हा ती तयार होते. दिसायला टणक, रंगही तिच्यावर मस्त बसतो. पण पापडी आणि लोखंड उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत, तिला तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं, आणि मग पापडी सुटते ती तुमचा सगळा रंग पाठीवर घेऊनच सुटते. तुमच्या फॅब्रिकेटरने २०११ ला पाइप आणला, कापला, वेल्ड केला आणि त्याच संध्याकाळी रेड ऑक्साईड मारून बसवून गेला असणार. पैज लावतो.

कारखान्यात ही पापडी शॉट ब्लास्टिंगने किंवा ॲसिडच्या टाकीत काढतात. ब्लास्टिंगमध्ये 'एसए अडीच' म्हणजे जवळजवळ पांढरंशुभ्र लोखंड, हा दर्जा बहुतेक चांगल्या पेंट सिस्टिमना लागतो. हाताने वायर ब्रश मारून तुम्ही त्याच्या आसपासही जात नाही. आणि रंगारी जो पॉलिश पेपर मारतो तो जुन्या रंगाची चमक घालवायला मारतो, गंज काढायला नाही. गंजाच्या खड्ड्यात पेपर पोचतच नाही.

पावडर कोटिंगबद्दल जावई बरोबर आहेत पण अर्धेच. पावडर, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी, ओव्हनमध्ये १८० ते २०० डिग्रीला भाजावी लागते, तेव्हा ग्रिल काढून शॉपमध्ये न्यावं लागणार. तिथे सेव्हन टँक प्रोसेस असेल तरच द्या, म्हणजे तेल काढणं, धुणं, ॲसिड, परत धुणं, मग फॉस्फेटिंग (रंग धरून ठेवायला फॉस्फेटचा पातळ थर) वगैरे. काही ठिकाणी नुसतं फडक्याने पुसून पावडर उडवतात. बाहेर काढल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, फरक तीन वर्षांनी कळतो. आणि परत बसवताना भिंतीशी वेल्डिंग केलं की तिथली पावडर जळाली, गंजाला तिथूनच दार उघडं.

एक काम करा. खालच्या पाइपावर छोट्या हातोडीने टकटक करत जा. आवाज कुठे बदलतो ते इथे लिहा.

कोथरूडची_सावली

माजी_फोरमन, माहिती चांगली आहे पण इतकं काही नसतं हो. आमच्या गच्चीचं लोखंडी दार १९९८ चं आहे, साधा रेड ऑक्साईड आणि साधा ऑइल पेंट, मध्ये एकदाच रंगवलंय. गंजाचं नाव नाही. ब्लास्टिंग वगैरे आमच्या मिस्त्रीच्या बापानेही ऐकलं नसेल.

माजी_फोरमन

दाराच्या वर छज्जा आहे का?

कोथरूडची_सावली

आहे. चांगला तीन फुटाचा.

माजी_फोरमन

मग रंगाचं कौतुक करू नका, छज्ज्याचं करा.

सदाशिव_नाही_नारायण

हाहाहा. सावली, तुमच्या आयडीतच उत्तर होतं.

प्रयोगवही

मी कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे रेड ऑक्साईडबद्दल राहवत नाही. रेड ऑक्साईडमधलं लाल द्रव्य म्हणजे फेरिक ऑक्साईड, गंजाचंच सख्खं भावंड. म्हणजे आपण गंज येऊ नये म्हणून गंजाच्याच नात्यातली पूड तेलात कालवून लावतो. ती वाईट नाही, आधीच ऑक्साईड असल्यामुळे आणखी काही होत नाही तिचं, पण ती नुसती पडदा म्हणून उभी राहते. ओरखडा पडला की पडदा फाटला, विषय संपला.

पूर्वी जे खरोखर गंज थोपवायचं ते रेड लेड. रंग दोघांचा लालसर, नावं मिळतीजुळती, म्हणून लोक गल्लत करतात. रेड लेड म्हणजे शिशाचं ऑक्साईड, म्हणजे आपला शेंदूर. जवसाच्या तेलात शेंदूर घोटून पुलांना, जहाजांना लावायचे. तेलाशी त्याचा साबणासारखा संयोग होतो आणि तो लोखंडाला राखतो. पण शिसं विषारी, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली, तो नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दुसरं होतं पिवळं झिंक क्रोमेट, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक. त्या दोघांची जागा आता बरीचशी झिंक फॉस्फेटने घेतलीये. दुकानात प्रायमर मागताना 'लाल द्या' म्हणू नका, झिंक फॉस्फेट आहे का विचारा.

आणि कळकळीने सांगते, जुन्या वाड्यातल्या जाळ्या, गज घासायचे असतील तर कोरडे घासू नका, आतले थर शिशाचे असू शकतात. ओलं करून घासा, तोंडाला मास्क, मुलांना लांब ठेवा.

ढोल_पण_ताशा_नाही

म्हणजे मारुतीला शेंदूर लावतात ते गंज लागू नये म्हणून? आमच्या पेठेतल्या मारुतीला इतक्या वर्षांत गंजलेला पाहिला नाही बुवा.

प्रयोगवही

मारुती दगडाचा असतो हो.

ढोल_पण_ताशा_नाही

शंभर टक्के रिझल्ट मग.

जस्ताची_बादली

माझा आयडी बघून कळलंच असेल मी कुठल्या पार्टीचा. गॅल्व्हनायझिंग!! आजीकडे जस्ती पत्र्याची बादली होती, बंबाशेजारी रोज ओली, चाळीस वर्षं टिकली. लोखंड वितळलेल्या जस्तात साधारण ४५० डिग्रीला बुडवून काढतात. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने याचं पेटंट घेतलं. जस्ताचं वैशिष्ट्य असं की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी जस्त स्वतः झिजतं, लोखंडाला हात लावू देत नाही. थोरल्या भावाने मार खावा आणि धाकट्याला मागे घालावं तसं.

कथलाचं बरोबर उलटं आहे. कथलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा बघा, मुलामा अखंड आहे तोवर उत्तम, एक ओरखडा गेला की तिथून उघड्या लोखंडाहूनही झपाट्याने गंजतो कारण आता लोखंड धाकटं नाही, थोरलं झालं. तांब्या-पितळेच्या कल्हईत कथील चालतं कारण तिथे खाली लोखंडच नाही.

आता माझी फजिती. शेडसाठी जीआय, म्हणजे जस्त चढवलेले, पाइप आणले, करडा रंग बायकोला आवडला नाही म्हणून हौसेने थेट ऑइल पेंट मारला, हिरवा. एकाच पावसाळ्यात रंग असा सोलून आला की केळ्याची साल बरी. दुकानदाराला बोललो, रंग डुप्लिकेट दिला म्हणून भांडलो. चूक माझीच होती.

प्रयोगवही

जस्ताचे क्षार ऑइल पेंटमधल्या तेलाचा हळूहळू साबण करतात. रंग आणि जस्त यांच्यामध्ये साबण आला की काय होणार, घसरणारच. जीआयवर आधी जस्ताला धरून बसणारा एच प्रायमर किंवा जीआयसाठी म्हणून मिळतो तो प्रायमर लावायचा, मग वर काय हवं ते. अवांतर सांगते, धातूने धातू राखायची कल्पना सोरेलच्या आधीची. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, प्रयोग यशस्वी. पण तांबं झिजून जे विष पाण्यात सुटायचं तेच बंद झालं, म्हणून जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटलं आणि जहाजं रेंगाळायला लागली.

अलिबागवाली

पुण्यात बसून गंजाच्या गप्पा मारताय!! या एकदा आमच्याकडे. इथे कुलूप उघडायला किल्लीबरोबर तेलाची बाटली घेऊन जावं लागतं. गेटचे बिजागरे दोन पावसाळ्यांत सुटतात, फ्रिजचा खालचा पत्रा जातो, सायकलच्या स्पोक मोजून बदलायच्या. समुद्राची हवा म्हणजे मीठ, मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसला तरी लोखंड ओलंच.

एक खूप उपयोगाची गोष्ट सांगते, पैसे पडत नाहीत. ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदा ग्रिल, गेट, एसीची फ्रेम गोड्या पाण्याने धुऊन काढायची. छपराखालचा भाग जास्त गंजतो आमच्याकडे, कारण उघड्यावरचं मीठ पावसाने धुतलं जातं आणि छपराखालचं तसंच बसतं. सावलीताईंचा छज्जा कोकणात उलटा पडला असता.

आणि जस्ताची_बादली, गॅल्व्हनाइज म्हटलं की सगळं एक नसतं. बाजारात १२० ग्रॅमचा जीपी (जस्त चढवलेला सपाट) पत्रा मिळतो तो दोन्ही बाजू धरून एका चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला ८-९ मायक्रॉन. जाड लोखंड बुडवून काढतात, ५ एमएमच्या वरचं, त्याला ६१० ग्रॅम आणि तेही एका बाजूचं, म्हणजे ८५ मायक्रॉनच्या आसपास. दहापट. जस्त किती टिकणार ते थर किती जाड त्यावर. आमच्याकडे पत्र्याला जीआय म्हणून विकतात आणि तीन वर्षांत चाळण होते. बिलावर ग्रॅम लिहून घ्या.

जस्ताची_बादली

ताई, दंडवत. ग्रॅमचं माहीत नव्हतं. आजीच्या बादलीचं वजन आठवून आता सगळं कळलं.

गणपत_गावठाण

आपल्या पूर्वजांनी १६०० वर्षांपूर्वी दिल्लीतला लोहस्तंभ घडवला तो अजून गंजला नाही आणि आपण ग्रिलवर धागे काढतोय.

प्रयोगवही

स्तंभ भारीच आहे, पण त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, कारण तेव्हाच्या भट्टीत चुना घालत नसत. त्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक चिवट पातळ थर तयार झाला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर खूप काम केलंय. दिल्लीची कोरडी हवा हेही एक कारण. त्याला पातळ गंज आहेच, तोच त्याचं कवच आहे. आजच्या स्टीलमध्ये फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात नाहीतर ते ठिसूळ होतं.

सदाशिव_नाही_नारायण

आणि आयफेल टॉवरला साधारण दर ७ वर्षांनी ६० टन रंग लागतो. तिथला रंगारीही म्हणत असेल, साहेब यंदा भारीतला लावू.

खमंग_पण_जळकं

अवांतराबद्दल सॉरी पण गंजाचा धागा निघालाच आहे तर, बिडाचा तवा घेतला नवीन, दोन वेळा धुतला आणि तांबूस झाला. डोसे चिकटतात. याला काय कोटिंग करायचं?

अलिबागवाली

साबण आणि घासणी बाजूला ठेव आधी. तवा धुऊन लगेच गॅसवर कोरडा कर, अगदी धूर निघेपर्यंत नाही पण पाणी पूर्ण उडेपर्यंत. मग तेलाचं बोट फिरव आणि कोरड्या फडक्याने ते तेल पुसून टाक, म्हणजे तेल लावलंय असं वाटलंच नाही पाहिजे. परत तापव. असं चार-पाच वेळा. जाड तेल लावलंस तर चिकट राळ होते.

प्रयोगवही

आणि हे अवांतर नाहीच. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक थर होतो, ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल वाळताना जे होतं तेच, फक्त तिथे हवेने महिनोन्‌महिने आणि इथे आगीने दहा मिनिटांत. तवा म्हणजे पेंटिंगचंच काम.

खमंग_पण_जळकं

म्हणजे रंगाऱ्याला डोसे करायला बोलावू का?

नळावरची_गर्दी

रस्ट कन्व्हर्टर म्हणून बाटली मिळते त्याबद्दल कोणीच बोललं नाही. गंजावर लावलं की काळं होतं आणि म्हणे गंज थांबतो. मी लावलं होतं गॅलरीच्या कठड्याला, सहा महिन्यांत परत जैसे थे. फसवणूक आहे का?

माजी_फोरमन

सुटा गंज काढला होता का आधी?

नळावरची_गर्दी

बाटलीवर लिहिलं होतं गंजावर थेट लावा...

माजी_फोरमन

गंजावर म्हणजे घट्ट बसलेल्या पातळ गंजावर. पापुद्र्यांवर लावलं तर वरचा पापुद्रा काळा झाला आणि खालचा आपलं काम करत राहिला. शिवाय ते लावून वर रंग लावायचाच असतो.

प्रयोगवही

त्या बाटलीत बहुतेक टॅनिक ॲसिड असतं, कशात फॉस्फोरिक. टॅनिन आणि लोखंड मिळून काळं फेरिक टॅनेट होतं. आपल्याकडची जुनी शाई आठवा, हिरडा आणि हिराकस. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोखंड. त्या शाईत जे काळं रसायन असायचं तेच तुमच्या कठड्यावर होतं.

गणपत_गावठाण

बघा! पूर्वज!!

ढोल_पण_ताशा_नाही

भीमाशंकरच्या बाजूला आमच्या मामाकडे पोत्याने हिरडा असतो. उकळून ग्रिलला लावू का?

प्रयोगवही

लावा, ग्रिल नुसतं काळं पडेल आणि फरशीही. त्या बाटलीत टॅनिनबरोबर बाइंडर असतो, तो थर धरून ठेवतो. काढ्यात तो नाही, पहिल्या पावसात सगळं खालच्या काकांच्या लेंग्यावर.

एरंडवण्याचा_एरंड

स्टेनलेसचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीने जिन्याचं रेलिंग एसएसचं केलं, कॉन्ट्रॅक्टरने चुंबक लावून दाखवलं, चिकटत नाही म्हणजे अस्सल ३०४ (चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस) म्हणाला. दोन वर्षांत वेल्डच्या जागी तपकिरी डाग. नंतर कळलं की २०२ या स्वस्त ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, घरात ठीक, उघड्यावर नाही. चुंबकाची टेस्ट या दोघांतला फरक सांगूच शकत नाही. ग्रेड बिलावर घ्या आणि वेल्ड साफ करून पॅसिव्हेट (ॲसिडने धुऊन स्टीलचा राखणारा थर परत आणणं) करून घ्या. अलिबागला तर ३०४ लाही डाग पडतात, ३१६ लागतं.

अलिबागवाली

पडतात. अनुभव आहे.

चेअरमन_नको_रे_बाबा

ग्रिलचं सोडा, आमच्या पार्किंगच्या स्लॅबमधून सळया दिसायला लागल्यात. बिल्डर म्हणतो प्लास्टर करा. करू का?

माजी_फोरमन

नुसतं प्लास्टर अजिबात नको. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा खातो, सळई आतून काँक्रीट ढकलून फोडते. वरून प्लास्टर केलं तर तेही पडेल, कोणाच्या तरी गाडीवर. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. हा वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

पर्वतीची_पायरी

अरे बापरे केवढी चर्चा. दोन दिवस नातीकडे होतो, आज हातोडी घेतली.

डावीकडून सुरुवात केली. ठण ठण ठण. मध्यापर्यंत ठण. हिच्या तुळशीच्या आणि गवती चहाच्या कुंड्या जिथे असतात तिथे आल्यावर आवाज थप थप. जरा जोरात मारली तर हातोडी पाइपात गेली. हो, आत गेली. आणि त्या भोकातून पाणी आलं!! मे महिन्यात! तांबडंलाल, साधारण दोन कप, वास मारणारं. आमचं ग्रिल भरीव बारचं नाहीये, चौकोनी पोकळ पाइपाचं आहे हे मला चौदा-पंधरा वर्षांनी कळलं. वरच्या बाजूला वेल्डमध्ये टाचणीएवढी फट दिसतेय. रोज कुंड्यांना घातलेलं पाणी आणि पाऊस तिथून आत जाऊन खाली साठत होतं.

हिने विचारलं, इतकी वर्षं रंग बाहेरून का लावत होतात. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

सदाशिव_नाही_नारायण

वहिनींना साष्टांग नमस्कार.

माजी_फोरमन

वाटलंच होतं, म्हणून हातोडी सांगितली. पोकळ पाइप आतून गंजला की बाहेरून सोन्याचा पत्रा लावा, उपयोग नाही. रंगारी, जावई, स्टेनलेसवाले सगळे बाहेरच्या बाजूबद्दल भांडत होते.

आता असं करा. खालची आडवी पाइप पूर्ण कापून काढा, तिथे भरीव चौकोनी बार घाला. उभ्या पाइपांची खालची टोकं तपासा, जिथे पत्रा पातळ लागेल तिथून कापा. वेल्ड सलग मारायला सांगा, मध्ये टाके टाकून पुट्टी भरू देऊ नका, हे लोक तेच करतात. ज्या पाइपा पोकळ राहतील त्यांची वरची तोंडं बंद आणि खाली एक छोटं भोक, पाणी गेलंच तर बाहेर यायला. वेल्डची राख, शिंतोडे ग्राइंडरने साफ. धारदार कडा किंचित गोल करून घ्या कारण ओला रंग कडेवरून ओघळून मागे सरतो, तिथेच थर सर्वात पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी सगळ्या कडांना आणि वेल्डना ब्रशने एक हात, तो वाळल्यावर मग सगळीकडे.

रंग: टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. उन्हात इपॉक्सी पांढरट भुकटी सोडतं म्हणून वरचा हात इपॉक्सीचा नको. ते महाग वाटलं तर वन-पॅक झिंक फॉस्फेट आणि वर ऑइल पेंट, तेही चालेल तुमच्याकडे, अलिबाग नाहीये. सकाळी दव असताना लावू नका. लोखंड हाताला गार आणि दमट लागलं तर थांबायचं. आणि ग्राइंडिंग केल्यावर त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ढकललं तर रात्रीत तांबूस झाक येते.

नळावरची_गर्दी

टू-पॅकमध्ये एक सांगते. आमच्या रंगाऱ्याने बेस आणि हार्डनरचे दोन्ही डबे सकाळी एकदम ओतून ढवळले, मग चहाला गेला, मग कोणाचा तरी फोन आला, मग जेवण. दुपारी येऊन बघतो तर डब्यात ब्रश उभा. काढताच येईना. डबा अजून आहे, दाराला टेकण म्हणून वापरतो.

माजी_फोरमन

हाहा. पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर जेवढा वेळ वापरता येतं तेवढा वेळ. लागेल तेवढंच मिसळायचं.

कोथरूडची_सावली

माजी_फोरमन, मी माझं म्हणणं मागे घेत नाही पण छज्ज्याचा मुद्दा मान्य आहे. पर्वतीची_पायरी, वर एखादा पत्र्याचा छोटा छज्जा घालता आला तर बघा, आर्किटेक्टला विचारून.

पर्वतीची_पायरी

जुलैमध्ये परत लिहितोय, पाऊस जोरात आहे.

फॅब्रिकेटरने ग्रिल जागेवरच कापलं. खालची पाइप हातात घेतली तर बिस्किटासारखी तुटली, आतून पाऊण किलो तरी गंज निघाला असेल. भरीव बार घातला. त्याने कुरकुर केली की एवढं वजन कशाला, पण ऐकलं. सलग वेल्डसाठी मात्र मला स्टूल टाकून शेजारी बसावं लागलं. रंगाऱ्याला झिंक फॉस्फेट सांगितलं तर म्हणाला साहेब ते करड्या रंगाचं असतं, लोखंडाला लालच लागतो. बोहरी आळीतून मीच आणून दिलं. कडांना आधी एक हात म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या आईला स्वयंपाक शिकवतोय. पण केलं.

पावडर कोटिंग केलं नाही. जावयांना धागा वाचायला दिला, ते माजी_फोरमनच्या सेव्हन टँकवर खूश झाले आणि आता मला पॅसिव्हेशनवर लेक्चर देतायत दर रविवारी.

कुंड्या ग्रिलवरून काढून खाली विटांवर ठेवल्यात. कालच हातोडीने परत टकटक केली, सगळीकडे ठण. फक्त एका जागी केबलवाल्याने न विचारता वायर घालायला भोक पाडलंय, तिथे आत्ताच तपकिरी कड आलीये. कोल्ड गॅल्व्हनाइजचा झिंक स्प्रे मारून वर रंगाचं टोक लावलं. जमेल ना?

माजी_फोरमन

जमेल. आधी भोकाची कड पेपरने चकचकीत केली होती ना?

पर्वतीची_पायरी

...

माजी_फोरमन

पुसून परत करा. उघडीप मिळाली की.

खमंग_पण_जळकं

माझा तवा काळाभोर झालाय, डोसे सुटतायत. कोणी विचारलं नाही तरी सांगून ठेवते.